चॅरिटीचा एअर शो, पण तिकीट बघून घाम फुटला

भुसावळकर_लोको
मंडळी एक विचारायचंय. मुलगी-जावई इंग्लंडात स्विंडनला असतात, तिथून फेअरफोर्डचा हवाई तळ जवळच. जुलैत तिथं रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू हा लष्करी विमानांचा मोठा एअर शो भरतो आणि आम्ही म्हातारा-म्हातारी उन्हाळ्यात तिकडे असलो की तो बघायचा हे ठरलेलं. मी जन्मभर लोको शेडमध्ये इंजिनांचे आवाज ऐकले, पण टायफून हे लढाऊ विमान डोक्यावरून आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून मिळणारा जोर) लावून सरळ वर चढतं ना, छाती आतून हलते, बनियन पण थरथरतं असं वाटतं. पण तिकीट दरवेळी वाढतंच चाललंय, त्यात जेवण धरलं आणि पाउंडाला रुपयांनी गुणलं की माझी पेन्शन डोळ्यासमोर येते. जावईबापू काही बोलत नाहीत पण आपल्याला कळतं ना. वरून कुंपणालगतची चांगली जागा जादा पैसेवाल्या स्टँडसाठी. बोललं की उत्तर एकच, नफा चॅरिटीला जातो. मग निमूट भरायचं का? की स्वस्तात बघायचा काही मार्ग आहे?

साक्रीकर
बठ्ठं महाग व्हयी गयं भाऊ 😄 आपल्याकडे वायुसेनेच्या सूर्यकिरण कवायती पथकाची नऊ हॉक विमानं येतात तेव्हा बहुतेक ठिकाणी फुकटात बघायला मिळतं. त्या गोऱ्यांना पैसे कशाला द्यायचे?

चोपडेकर_ब्रिस्टल
साक्रीकर भाऊ, फुकटचं पण ऐका. ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना बीचवर वायुसेनेचा फुकट शो होता, लाखोंनी लोक आले आणि उन्हात, गर्दीत पाच जण गेले. पाणी, सावली, बाहेर पडायचे रस्ते, या सगळ्याला पैसा लागतोच. इकडे पण समुद्रकिनाऱ्यावरचे फुकट शो नगरपालिकेच्या पैशावर चालतात, तो आटला की शो बंद, बोर्नमथचं तेच झालं.

काका, आता तुमचं. २०१५ ला इंग्लंडातल्याच शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट विमान हायवेवर कोसळलं, ११ जण गेले. तो शो पण चॅरिटीचाच होता. त्यानंतर इथल्या विमान नियामकांनी नियम कडक केले, फी वाढवली, त्यामुळे आयोजकांचा खर्च वाढला हे खरंच आहे. पुढे कोविडमुळे फेअरफोर्डचा शो २०२० आणि २०२१ ला झालाच नाही. म्हणजे वाढीला कारण आहे, पण तुमचा राग पण चुकीचा नाही.

मार्ग सांगतो. शो शुक्रवार ते रविवार, पण विमानं बुधवार-गुरुवारपासून उतरायला लागतात आणि सोमवारी परत जातात. तेव्हा कुंपणाबाहेर आजूबाजूच्या गावांत लोक खुर्च्या टाकून बसतात, काही शेतकरी थोडे पैसे घेऊन शेतात गाडी लावू देतात. शिडी, डबा आणि छत्री न्या. कवायती नाही दिसणार, पण उतरताना विमान इतकं खाली असतं की चाकं मोजता येतात.

गोंदूर_धुळे
मला हे पटत नाही. आमच्या गोंदूरच्या धावपट्टीवर ट्रेनिंगची छोटी विमानं चढतात-उतरतात ती आम्ही बाहेरून बघतो, तिथं कोणी तिकीटच लावत नाही म्हणून ठीक. पण चॅरिटीचा शो चालू असताना बाहेर उभं राहून फुकट बघायचं आणि वर महागाईवर बोलायचं हे बरोबर नाही. शिवाय शोरहॅमला मेलेले लोक आत नव्हतेच, रस्त्यावर होते. शोच्या दिवशी कुंपणाबाहेर गर्दी करू नका असं तिकडे सांगतात ते उगाच नाही.

चोपडेकर_ब्रिस्टल
शोच्या दिवशी नाहीच म्हणतोय मी. विमानं येण्याच्या-जाण्याच्या दिवशी म्हणतोय. फरक आहे.

गिरणाकाठ
"नफा चॅरिटीला" आणि "तिकीट चॅरिटीला" यात लय फरक आहे भो. तिकिटातून आधी मांडव, सिक्युरिटी, इन्शुरन्स, टॉयलेट सुटतात, उरलं तर शोमागच्या चॅरिटी ट्रस्टला. आपल्याकडे जत्रेची वर्गणी घेऊन मंडळ हिशोब फलकावर लावतं की नाही? तसंच विचारायचं. इंग्लंडात चॅरिटी कमिशनच्या वेबसाईटवर नोंदणी झालेल्या संस्थांचे जमाखर्च कोणालाही बघता येतात, जावयाला सांगा काढून द्यायला. चांगली रक्कम पोहोचत असेल तर मला तरी जड वाटणार नाही. नसेल पोहोचत तर मग तुमच्यासारख्या जुन्या माणसाने चॅरिटीच्या नावाखाली स्टँडवाल्यांची सोय का करायची? आणि दरवर्षी येणाऱ्यांना एका दिवसाचं स्वस्त तिकीट, म्हाताऱ्यांना सूट, एवढं तर मागता येतंच, ईमेल टाकायला काय जातंय.

भुसावळकर_लोको
धन्यवाद सगळ्यांना. जावयाला हिशोब काढायला लावतो. गोंदूरवाले, तुमचं पण पटलं, मी बुधवारी बाहेर बसेन आणि ट्रस्टच्या डब्यात जमेल तेवढं टाकेन, पण शनिवारचा शो या खेपेला टीव्हीवर. बायकोचं म्हणणं वेगळंच आहे, ती म्हणते विमानं तीच दरवर्षी, आपण त्या पैशात स्कॉटलंड बघू. चोपडेकर, शेतात गाडी लावायला आधी बुकिंग लागतं का की सकाळी लवकर गेलं की झालं?

चोपडेकर_ब्रिस्टल
लवकर गेलं तर बरं. आणि काका शिडी घरचीच न्या, गेल्या वेळी माझ्यापुढे एक सहा फुटी बुवा उभा होता.