मदत हवी आहे: जुने टॅब स्टॉप काढायचे, पण उजवा टॅब ठेवायचा

नमस्कार मंडळी,

वर्डमध्ये एका मोठ्या पुस्तकाची अनुक्रमणिका हाताने लावतोय. डावीकडे प्रकरणाचं नाव, मग ठिपक्यांची ओळ आणि उजव्या कडेला पान क्रमांक. त्यासाठी १५ सेंमीवर उजवा टॅब लावला (म्हणजे टॅब दाबल्यावर कर्सर थांबण्याची खूण, टॅब स्टॉप, जिथे मजकूर उजव्या बाजूने जुळतो), लीडर म्हणजे मधली जागा भरणारी खूण म्हणून ठिपके निवडले. नवीन ओळींत हे अगदी व्यवस्थित बसतं.

अडचण जुन्या ओळींची आहे. हा मजकूर बऱ्याच जणांच्या हातून गेलाय आणि प्रत्येकाने रूलरवर (वरच्या मोजपट्टीवर) आपापले टॅब ठेवलेत. त्यामुळे एकदा टॅब दाबला की कर्सर मध्येच कुठेतरी थांबतो. मग लोक आणखी दोनदा टॅब दाबतात, आणि फाँट बदलला की सगळं विस्कटतं. सगळ्या ओळी एकदम निवडल्या तर रूलरवरच्या काही खुणा फिकट दिसतात, म्हणजे त्या मोजक्याच परिच्छेदांत आहेत.

एकेक खूण रूलरवरून खाली ओढून टाकता येते, पण पानं खूप आहेत. टॅबच्या चौकटीतलं ‘क्लिअर ऑल’ वापरलं तर माझा उजवा टॅबही जातो. कंट्रोल क्यू (परिच्छेदाची हाताने केलेली मांडणी काढणारा शॉर्टकट) दाबलं तर इंडेंटसुद्धा, म्हणजे ओळी कडेपासून आत सरकवलेलं अंतर, उडतात, आणि ते मला हवेत.

उजवा टॅब स्टाइलमध्येच (परिच्छेदाच्या मांडणीच्या ठरलेल्या साच्यात) ठेवून बाकीचे हाताने लावलेले टॅब एका फटक्यात काढता येतील का? आणि लागोपाठ आलेले दोन-तीन टॅब शोधून त्यांच्या जागी एकच ठेवायचा, तर ‘फाइंड’मध्ये ^t (टॅबसाठीची खूण) कसं लिहायचं? मॅक्रो (हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) असेल तरी चालेल, फक्त तो कुठे चिकटवायचा तेही कृपया सांगा.