शाळांसाठी डेबियन पॅकेजेस: बिल्ड मशीन कशी लावू?

कातळसडा, देवगड:
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या ७ शाळांच्या कॉम्प्युटरवर डेबियन १२ (बुकवर्म) ही लिनक्स सिस्टिम आहे. फॉन्ट, शब्दकोश आणि मराठी टायपिंग शिकवणारं सी++ मधलं एक सॉफ्टवेअर मी त्यांना पॅकेज करून देतो. आजवर लॅपटॉपवरच बिल्ड करायचो, म्हणजे कोडपासून पॅकेज तयार करायचो. लॅपटॉपवर ट्रिक्सी (डेबियन १३) टाकलं आणि सोमवारी शाळेत पॅकेज बसेना, 'लिबसी६ २.३८ किंवा पुढची हवी' म्हणे (लिबसी६ म्हणजे सिस्टिमची मूळ सी लायब्ररी). पोरं रांगेत उभी, आणि मी हात हलवत परत. फार लागलं ते मनाला. आता जुना डेस्कटॉप (४ कोअर, ८ जीबी) फक्त बिल्डसाठी ठेवायचाय. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या तिथे ठेवतो) नव्या आवृत्तीला टॅग लावला की पॅकेज आपोआप तयार व्हावं. सुरुवात कुठून करू?

राजापूरची:
मशीनवर काहीही असू दे, पॅकेज बुकवर्मच्या कोऱ्या क्रूटमध्येच (मशीनच्या आतली वेगळी, स्वतंत्र सिस्टिम) व्हायला हवं. ट्रिक्सीत ग्लिबसी (तीच सी लायब्ररी) २.४१ आहे, बुकवर्ममध्ये २.३६. कोडमध्ये साधं स्ट्रटॉल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) असलं तरी नव्या हेडरमुळे त्याचं २.३८ मधलं रूप जोडलं जातं, आणि डीपीकेजी-शलिबडेप्स हे टूल ते बघून पॅकेजची डिपेंडन्सी (सोबत काय लागतं ते) लिहितं. तुमच्या कोडची चूक नाही.

एमएमडीबूटस्ट्रॅप या टूलने बुकवर्मचा टारबॉल (सगळी सिस्टिम एका फाईलमध्ये) बनवा आणि एसबिल्ड या बिल्ड करणाऱ्या टूलला अनशेअर मोडमध्ये (रूट न लागणारा) द्या. एसबिल्ड दर बिल्डला तो नव्याने उघडतो, बिल्ड-डिपेंड्समधलं (बिल्डला काय लागतं त्याची यादी) तेवढंच टाकतो, काम झालं की फेकून देतो. ती यादी असते त्या कंट्रोल फाईलमध्ये काही राहिलं असेल तर इथे लगेच उघडं पडतं. लॅपटॉपवर ते कधी कळत नाही, तिथे सगळं आधीच टाकलेलं असतं. नेट वाचवायला ॲप्ट-कॅशर-एनजी, पोर्ट ३१४२; एकदा उतरवलेली पॅकेजेस तो साठवून ठेवतो. तयार पॅकेजेसचं भांडार ठेवायला रेप्रेप्रो.

कातळसडा, देवगड:
ताई, अगदी तसंच झालं. क्यूटीची (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) भाषांतराची टूल्स मी कंट्रोलमध्ये लिहिलीच नव्हती! ती घातली, तर आता 'किल्ड, सीसी१प्लस' (म्हणजे सी++ चा कंपायलर) म्हणून मरतंय. डेस्कटॉपवरही ट्रिक्सीच आहे.

मालवण बंदर:
मेमरी संपली, कर्नलने मारलं. ट्रिक्सीत /टीएमपी (तात्पुरत्या फाईलींचा फोल्डर) मुळातच रॅमवर असतो, आणि एसबिल्ड क्रूट तिथेच उघडतो. म्हणजे कंपायलर आणि क्रूट, दोन्हीकडून तुझी रॅम खाल्ली जातेय. क्रूटची जागा डिस्कवर ने, आणि पॅरलल=२ ठेव, म्हणजे एका वेळी दोनच कामं चालतील.

पण बाळा, खरी काळजी लाईटची घे. घरचा इन्व्हर्टर बदली करताना क्षणभर थांबतो, तेवढ्यात पीसी रीस्टार्ट. यूपीएस घे, त्याची यूएसबी केबल जोड आणि नट (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाक, बॅटरी उतरली की मशीन नीट बंद होईल. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे चार दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून माझ्या बिल्डची रांग डिस्कवर असते: गिटच्या हूकने (टॅग आला की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) टॅगची एक छोटी फाईल टाकायची, तयार पॅकेजची डेब फाईल रेप्रेप्रोत पोचली की मगच ती छोटी फाईल काढायची. मध्ये काहीही बंद पडो, ठरावीक वेळाने चालणारा टायमर ते काम पुन्हा उचलतो.

आणि मशीन समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नको. खारं वारं रॅमच्या सोनेरी पट्टीवर बसतं. पावसाळ्यापूर्वी एकदा रॅम काढून खोडरबर फिरव.

कातळसडा, देवगड:
काका, क्रूट डिस्कवर नेला, पॅरलल=२ केलं. बिल्डला २३ मिनिटं लागली, पण पार पडला. काल त्याच शाळेत पॅकेज बसवलं, एकाही मशीनवर अडलं नाही. यूपीएस उद्या कणकवलीहून आणतोय. रॅम काढून बघितली, एका टोकाला हिरवट डाग होताच.