प्रतिसाद: नुसता डॉक्टर हुशार असून भागत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की डॉक्टर हुशार असला की पेशंट खूश, बाकी सगळं गौण. अर्धंच पटलं. हुशारी पेशंटला कळते कुठे हो, त्याला कळतं ते एवढंच की डॉक्टरनी मान वर करून बघितलं का आणि गोळी कशाची ते सांगितलं का. अमेरिकेत हॉस्पिटलात राहून गेलेल्या पेशंटांचा एचकॅप्स म्हणून सर्व्हे आहे, २००८ पासून निकाल जाहीर करतात, त्यात विचारतात काय तर नर्स नीट ऐकून घेते का, रात्री वॉर्डात शांतता असते का, संडास स्वच्छ असतो का.

आपल्याकडे गोव्यात वर भाषेची भर. समोरचा शिकाऊ डॉक्टर हिंदी-इंग्रजीवाला असला की काणकोणची आजी नुसती मान हलवते आणि बाहेर येऊन सिस्टरला कोकणीत विचारते, "बाय, गुळयो जेवच्या आदीं काय मागीर?" (गोळ्या जेवणाआधी की नंतर?)

थांबायचं म्हणाल तर उशीर माणूस सोसतो, पण का होतोय ते कोणी सांगत नाही त्याचा राग येतो. आमच्या काकांना एका हॉस्पिटलात (नाव नको) डिस्चार्जच्या दिवशी दीनदयाळ कार्डाच्या (गोवा सरकारचा आरोग्य विमा) अप्रूव्हलसाठी संध्याकाळपर्यंत बसवलं, काउंटरवर उत्तर एकच, "सिस्टीम स्लो आसा". ऑपरेशन फर्स्टक्लास झालेलं, पण काका अजून सांगतात ते काउंटरचंच.

मात्र नुसत्या खुशीवर पण जाऊ नका. २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास आलेला, त्यात जास्त समाधानी पेशंटांचा औषधांवरचा खर्च जास्त आणि मृत्यूचं प्रमाणसुद्धा जास्त निघालं (कारण तेच असं सिद्ध होत नाही म्हणा). मागितलं की सलाईन लावणारा डॉक्टर गावात लाडका असतोच की.