‘फॅन’ला मराठीत काय म्हणावे? : चाहता, वेड, नाद आणि खूळ

गेल्या १ जूनला सकाळी मी पुणे स्थानकावर होतो. १९३० साली याच तारखेला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि तिचा वाढदिवस पासधारक प्रवासी व रेल्वेवर जीव असलेली मंडळी आजही फलाटावर केक कापून साजरा करतात. सव्वासातची गाडी सुटायला थोडा अवकाश होता. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि त्या गर्दीत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा गुडघ्यावर चौकटीची वही ठेवून इंजिनाचा पाच आकडी क्रमांक लिहून घेत होता. वहीत तारीख, गाडी, क्रमांक आणि रंग असे रकाने पट्टीने आखलेले होते. माझा मित्र म्हणाला, “हा खरा फॅन.” मुलाची आई म्हणाली, “काय सांगू, गाड्यांचा नाद लागलाय त्याला.” शेजारच्या पासधारक काकांनी कौतुकाने मान हलवली, “वेड लागतं ते असं!”

एकाच मुलाबद्दल एका मिनिटात तीन शब्द ऐकल्यावर ‘फॅन’ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा नेहमीचा प्रश्न मला वेगळा दिसू लागला. या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘चाहता’ असे आहे. वर्तमानपत्रांनी ते रुळवले आहे आणि व्यक्तीपुरते ते चालतेही; गायिकेचे चाहते, खेळाडूचे चाहते. मात्र ‘तो मुलगा रेल्वे इंजिनांचा चाहता आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही कानाला परके वाटते, आणि त्याचे कारण मला मराठीच्या वाक्यरचनेत सापडते.

‘चाहता’ हे ‘चाहणे’ या क्रियापदाचे रूप आहे, पण ‘चाहणे’ मराठीत बोलतो कोण? ‘मी तिचे गाणे चाहतो’ असे आपण म्हणत नाही, ‘मला तिचे गाणे आवडते’ असे म्हणतो. या वाक्यात आवडणारी गोष्ट कर्ता होते आणि ज्याला आवडते तो ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो. म्हणून ‘आवडणे’पासून माणसाला नाव देता येत नाही. ‘आवडणारा’ म्हणावे तर ‘मला आवडणारा गायक’ हा अर्थ होतो. ज्याला गायक आवडतो तो माणूस त्या शब्दात बसतच नाही. ही जागा रिकामी होती, तिथे हिंदीच्या वळणाचा ‘चाहता’ येऊन बसला.

उत्कटता दाखवणारे आपले बाकीचे प्रयोगही याच जातीचे आहेत. छंद जडतो, वेड लागते, नाद लागतो, भुरळ पडते, चटक लागते, डोक्यात खूळ शिरते. यातले काहीही माणूस स्वतः होऊन करत नाही. ते त्याच्यापाशी येते, त्याला चिकटते आणि कधीतरी सोडून जाते. सोडून जाण्याची क्रियापदेही प्रत्येकाची वेगळी आहेत. हौस फिटते, नाद सुटतो, खूळ उतरते, छंद मागे पडतो. हौस फिटली म्हणजे माणूस तृप्त झाला, आणि नाद सुटला म्हणजे बहुधा घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. इंग्रजी एका नामात माणसाला बसवते, तर मराठी त्या माणसाला काय झाले आहे हे क्रियापदातून सांगते. त्यामुळे ‘फॅन’ला नामच शोधत बसलो की हाती ‘चाहता’ येतो आणि समाधान होत नाही.

स्वतः ‘फॅन’ हा शब्दही मुळात इतका सौम्य नाही. तो ‘फॅनॅटिक’चे लघुरूप मानला जातो, आणि त्या शब्दाच्या मुळाशी देवळाला असलेला ‘फानुम’ हा लॅटिन शब्द आहे. देवळात अंगात आलेला माणूस असा त्याचा जुना भाव होता. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘भक्त’ ठरला असता, पण मराठीत भक्ताची जागा इतकी उंच आहे की ती खेळाडूच्या किंवा नटाच्या पायाशी नेऊन ठेवायला मन धजत नाही.

कलेच्या बाबतीत आपल्याकडे ‘रसिक’ आणि ‘दर्दी’ आहेत. ‘रसिक’ शब्दात रस घेण्याची पात्रता गृहीत आहे. ‘दर्दी’ त्याहून खोल जातो. फारसीतल्या ‘दर्द’ म्हणजे वेदनेपासून तो आला आहे, आणि ज्याला गाण्यातली एखादी जागा ऐकताना आत काहीतरी हलते तो दर्दी. दोन्ही शब्द समजूतदार आहेत, मात्र बेभान होणे त्यांत नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांच्या नायकांनी मुंबईत एकत्र येऊन ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा थिएटरात बसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना नुसते ‘रसिक’ म्हटले तर त्यांची ईर्षा सांगायची राहून जाते. त्यांच्यासाठी ‘नाटकवेडे’ हाच शब्द योग्य आहे.

आता ‘नाद’. माझ्या मते या सगळ्या शब्दांत तो सर्वांत श्रीमंत आहे. संस्कृतात नाद म्हणजे ध्वनी. मराठीत तो अर्थ घंटानादात टिकला आणि शेजारी ‘ओढ, आसक्ती’ हा अर्थ उभा राहिला. हा प्रवास मला हरणाच्या दृष्टान्तातून समजतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक हरिण आहे, जे गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडते. संत एकनाथांच्या भागवतामुळे तो प्रसंग मराठी घरांत पोचला. ध्वनीच्या मागे भान हरपून जाणे म्हणजेच नादी लागणे, ही जोडणी मला मनापासून पटते. त्या मुलाच्या आईच्या ‘नाद लागलाय’मध्ये कौतुकाबरोबर जी बारीकशी काळजी होती ती बहुधा तिथूनच आली असावी.

दक्षिण महाराष्ट्राने या शब्दाला जे नवे आयुष्य दिले ते शब्दप्रेमींनी बारकाईने पाहावे असे आहे. कोल्हापूर-सांगलीकडचा ‘नादखुळा’ आज मोबाइलवरून सगळीकडे पोचला आहे. तो एक समास आहे की दोन शब्दांचे वाक्य? ‘नादाने खुळा झालेला’ असा विग्रह केला तर तो माणसाचे विशेषण ठरतो, आणि ‘नाद खुळा’ असे सुटे लिहिले तर नादच खुळा आहे, असे छोटे वाक्य होते. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण लोक ‘नादच खुळा’ असे सर्रास म्हणतात. घट्ट झालेल्या समासाच्या पोटात ‘च’ शिरू शकत नाही. शिवाय तो लिंगाप्रमाणे बदलायलाही सहसा तयार नसतो. ‘मिसळ एकदम नादखुळा’ असेच ऐकू येते. म्हणजे शब्द माणसावरून वस्तूवर सरकला आणि अखेर ‘भारी’सारखा उद्गार बनला.

त्याच मुलखातला ‘नाद करणे’ हा प्रयोग तर वरच्या नियमालाच छेद देतो. इथे नाद लागत नाही, माणूस तो करतो. ‘माझ्या नादाला लागू नकोस’ मधला ‘वाटेला जाणे’ हा अर्थ पुढे सरकून ‘आमचा नाद करायचा नाय’ झाला, म्हणजे आमच्याशी बरोबरी करू नका. आणि तरीही टेम्पोच्या मागे ‘नाद एकच, बैलगाडा शर्यत’ असे रंगवलेले असते तेव्हा जुना अर्थ तिथे शाबूत असतो. या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली आणि डिसेंबर २०२१मध्ये त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. मधल्या साडेसात वर्षांत बैल सांभाळत राहिलेल्या माणसाला ‘बैलांचा चाहता’ म्हणून पाहा, शब्द किती तोकडा पडतो ते लगेच कळेल.

इंटरनेटवरच्या क्षणिक लाटांसाठी मात्र नाद वापरू नये. २०१४मध्ये लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या. २०१५च्या फेब्रुवारीत एक पोशाख निळा-काळा की पांढरा-सोनेरी यावर घराघरांत वाद झाले (तो निळा-काळा होता). २०१६मध्ये माणसे मोबाइल हातात धरून बागांतून काल्पनिक प्राणी शोधत फिरली. यांना ‘ट्रेंड’ म्हणण्याआधी आपल्याकडचे दोन शब्द आठवावेत. ‘टूम’ कोणीतरी काढतो आणि ती मुद्दाम निघते. ‘खूळ’ शिरते आणि त्याला कारण लागत नाही. बादल्यांची ती टूम होती, प्राणी शोधण्याचे ते खूळ होते. आणि ‘व्हायरल’ला अडणाऱ्यांनी ‘साथ’ जरूर वापरून पाहावा, कारण विषाणूची तीच प्रतिमा त्या शब्दात आधीपासून आहे: “त्या आठवड्यात पोशाखाच्या फोटोची साथच आली होती.”

तेव्हा ‘फॅन’साठी नामच हवे असेल तर माझी पसंती ‘वेडा’ जोडून केलेल्या शब्दांना आहे: क्रिकेटवेडा, पुस्तकवेडी, दुर्गवेडे. एकटा ‘वेडा’ माणसाला हिणवतो, पण मागे विषय जोडला की तोच शब्द मानाचा होतो, हे मला फार सुंदर वाटते. त्याला स्त्रीलिंग आहे, अनेकवचन आहे आणि कोणताही नवा विषय जोडता येतो. ‘फॅनडम’ला ‘चाहतावर्ग’ हा कार्यालयीन शब्द सुचवला जातो. त्यापेक्षा मी ‘रेल्वेवेड्यांचा गोतावळा’ म्हणेन, कारण गोतावळ्यात आपसातले रुसवेफुगवेही येतात. ‘नादी’ हे विशेषण मात्र माणसाला लावताना जपून वापरावे, त्यात अजून व्यसनाचा वास आहे. त्या मुलाला ‘नादी’ म्हटले असते तर त्याच्या आईला ते लागले असते, आणि ‘नाद लागलाय’ हे ती स्वतः हसत हसत म्हणत होती.