अनुभव धागा: दहशतवाद तुमच्या दारापर्यंत कधी आला?

घाटीदरवाजा

टीव्हीवरच्या चर्चा ऐकून कान किटलेत, त्या इथं नकोत. सरकार चुकलं का बरोबर, पाकिस्तानचं काय करायचं, यावर बोलणारे रग्गड आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, प्रवासात हे नेमकं कुठं आडवं आलं तेवढंच लिहा.

माझंच आधी सांगतो. लहानपणी आम्ही अंबाबाईच्या देवळातनं शॉर्टकट मारायचो, महाद्वारातनं आत आणि घाटी दरवाज्यातनं बाहेर, चपला हातात, देवीला लांबनंच नमस्कार. पुढं मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या, बॅगा तपासायला लागले, शॉर्टकट बंद. एकदा आजीला घेऊन गेलो तर चौकट वाजली, परत वाजली, पोलीस बाईंनी चंची उघडायला लावली तर आत अडकित्ता. आजी म्हणाली, "अगं बाई, ह्यानं सुपारीसुद्धा धड फुटत न्हाई." बाई हसल्या, पण अडकित्ता टेबलावरच राहिला. आजी देवीपुढं उभी, लक्ष सगळं त्या टेबलाकडं.

रात्रीचीमहालक्ष्मी

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईत इंटरव्ह्यू देऊन महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत येत होतो. गाडी लागायच्या आधी सीएसटीच्या ज्या हॉलमध्ये नंतर गोळीबार झाला त्याच हॉलमध्ये बॅगेवर बसून वडापाव खाल्ला, शेजारी एक कुटुंब चादर टाकून पसरलेलं, बहुतेक युपी-बिहारकडचं, त्यांच्या बारक्या पोरानं माझ्याकडं पाणी मागितलं, मी बाटलीच देऊन टाकली, गाडी लागली, निघालो. तास-दीड तासानं डब्यात एकेकाचे फोन वाजायला लागले, आधी सगळे म्हणत होते गँगवॉर आहे गँगवॉर, मग कुणीतरी ताजचं नाव घेतलं आणि डबा गप्प झाला. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा. माझ्या नोकियात बॅटरीची एक दांडी, घाटात रेंज गेली ती गेलीच आणि नंतर फोन मेला. घरात एवढंच माहीत की पोरगं सीएसटीला गेलंय. सकाळी कोल्हापूर स्टेशनवर वडील घरात घालायच्या बंडीतच उभे, मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय तर "फोन चार्ज करून निघायला काय होतं रे तुला?" आणि पुढं घरापर्यंत एक शब्द नाही.

त्या स्टेशनात ५८ माणसं गेली. झेंडे नावाचे अनाऊन्सर वर केबिनमध्ये बसून लोकांना बाहेर कुठनं पडायचं सांगत राहिले म्हणून कितीतरी वाचली. त्या पोराचं काय झालं असेल ते मला कळायची सोय नाही.

डबलबेल

मी एसटीत कंडक्टर. आपल्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एकदा फलाटाच्या बाकड्याखाली बेवारस पिशवी सापडली. बॉम्बशोधक पथक आलं, श्वान आलं, तासभर सगळ्या गाड्या बाहेर काढल्या, पॅसेंजर आमच्यावरच खेकसायलेत. निघाला काय तर नवाकोरा पाच लिटरचा कुकर, लग्नातल्या आहेराचा. तुम्ही हसाल, पण २००६ च्या ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ बॉम्ब फुटले ते कुकरमध्येच ठेवले होते असं सांगत होते, म्हणून कुकर दिसल्यावर आमच्या कंट्रोलरचा चेहरा पांढरा रस्सा झाला. त्या केसमध्ये १२ जणांना २०१५ ला शिक्षा झाली आणि २०२५ ला हायकोर्टानं बाराच्या बारा निर्दोष सोडले. मग केलं कुणी, आणि सुटलेल्यांची १९ वर्षं कोण भरून देणार? असो. कुकरवाला दुसऱ्या दिवशी आला घ्यायला!

बिंदूचौककर

लिहू का नको करत होतो. मी मुसलमान, चार पिढ्या कोल्हापुरात. आमच्याकडं मोहरमला पंजा, म्हणजे पीर, बसतो, गल्लीतल्या तालमीतपण बसतो आणि तो उचलायला पाटील-जाधवांची पोरं असतात. गणपती आणि मोहरम एकत्र आले तर एकाच मांडवात दोन्ही बघितलंय. हे नव्यानं सांगायची गरज पडते तेच वाईट वाटतं.

२०१४ ची गोष्ट. मे महिन्यात कल्याणची चार पोरं इराकला आयसिसकडं गेली, आठवत असेल. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नोव्हेंबरात मोहरम आला, खालानं चोंगे केले, गूळ-खोबरं घालून, आणि ह्यानं ताट सरकवलं. "ये सब शिर्क है अम्मी." शिर्क म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्या कुणाला मानायचं पाप. आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन. मग अब्बांची नमाज चुकते म्हणायला लागला, दर्ग्यात जायचं नाही, बहिणीनं कॉलेजचं गॅदरिंग करायचं नाही. रात्री दोन-दोनपर्यंत फोन. एक दिवस मी बघितला तर सगळे व्हिडिओ. सुरुवातीचे सिरियातली मेलेली लेकरं दाखवणारे, बघून मलापण रडू आलं, खोटं कशाला बोलू. पुढचे मात्र वेगळे. रडवून झालं की तुझ्या आईबापाचा धर्मच खोटा म्हणून सांगायचं आणि मग इकडं ये म्हणायचं, असा जिना होता तो, पायरी पायरीनं.

आता जायचं कुणाकडं? पोलिसात गेलो तर पोरगं आयुष्यातनं उठणार. नाही गेलो आणि उद्या काही झालं तर सगळी गल्ली उठणार. तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही. शेवटी खालूनं, म्हणजे त्याच्या अब्बांनी, त्याला मिरजेच्या एका जुन्या मौलानांकडं नेलं, महिनाभर रोज, तांबड्या बसनं. मौलानांनी उपदेश केलाच नाही म्हणे, हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, काढून समोर ठेवायचे आणि विचारायचे, दाखव कुठं लिहिलंय. नोव्हेंबर संपताना त्या चारपैकी एक परत आला तीपण बातमी खालूनं मुद्दाम मोठ्यानं वाचली. पुढच्या वर्षी देशातल्या हजारावर मौलवींनी आयसिसच्या विरोधात फतवा काढला, तो आमच्या घरात फ्रेम करायचा बाकी होता.

हे सगळं निस्तरून मी पुण्यात खोली बघायला गेलो, तर घरमालकानं नाव ऐकून ॲडव्हान्स परत दिला. प्रत्येक स्फोटानंतर ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "तुमच्यातली लोकं निषेध का करत नाहीत?" अरे बाबांनो, २६/११ च्या नऊ अतिरेक्यांना मुंबईतल्या कब्रस्तानवाल्यांनी जागा दिली नव्हती. आणखी काय करायचं? जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरनं कोल्हापूर पेटलं, नेट बंद झालं, तेव्हा शटर ओढून आत बसलो होतो. बाहेर आवाज ओळखीचे होते, ते जास्त लागलं.

सहलवाल्याकाकू

पहलगामच्या वेळी आम्ही श्रीनगरला, २२ एप्रिल २०२५. दुसऱ्या दिवशी जायचं होतं तिथं. २६ माणसं मारली, त्यात एक तिथलाच घोडेवाला होता. हॉटेलात टीव्ही चालू, नावं विचारून, कलमा म्हणायला लावून मारलं वगैरे सगळं नातवानं ऐकलं, ९ वर्षांचा आहे. आमचा ड्रायव्हर खाली थांबला होता, हा जाऊन त्याला म्हणतो, "भैया, मला कलमा शिकवा ना." तो माणूस काही बोललाच नाही, गाडीची काच पुसत राहिला, स्वच्छ होती तरी. दुसऱ्या दिवशी सगळं काश्मीर बंद, लोक रस्त्यावर निषेधाला. ड्रायव्हरनं विमानतळावर सोडलं, पैसे पूर्ण घेतले हो, तीनशे रुपयांवरनं ह्यांच्याशी वादपण घातला. मला ते बरंच वाटलं, एरवीसारखं.

माजीसैनिक

पाच वर्षं कुपवाड्यात होतो. कर्नल संतोष महाडिक साहेब आपल्या साताऱ्याचे, तिथंच १७ नोव्हेंबर २०१५ ला गेले. तेव्हा अतिरेक्यांबद्दल माझ्याकडनं मऊ बोलणं होणार न्हाई. पण एक सांगतो. पहाटे कॉर्डन लागला, म्हणजे गावाला वेढा पडला, की घरांची झडती व्हायची. एका म्हाताऱ्याची तांदळाची कणगी आम्ही पालथी केली, काही न्हाई निघालं. आमच्या साहेबांनी आम्हालाच खाली बसवून तांदूळ भरायला लावला, दाणा न दाणा. म्हाताऱ्यानं पुढं काय टीपबीप दिली असं न्हाई. दुसऱ्यांदा गेलो तर कुत्रं अंगावर सोडलं न्हाई, एवढंच.

बिंदूचौककर, ते पोरगं आता काय करतंय?

बिंदूचौककर

शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे. यंदा मोहरमच्या रात्री नाईट शिफ्ट लागली म्हणाला. खालानं चोंगे डब्यात घालून दिले होते. सकाळी डबा रिकामा आला, त्यानं खाल्ले का मशीनवरच्या पोरांना वाटले, कुणी विचारलं नाही.