मदत हवी आहे: लाट १.२ मीटर दाखवत होते, मग खाडीच्या तोंडाशी बोट आडवी कशी झाली?

नमस्कार मंडळी,

मी वर्सोव्याची. घरची मासेमारीची बोट आहे. बाबा तांडेल (बोटीचे कप्तान), दादा इंजिन सांभाळतो, शिवाय पाच खलाशी. मी स्वतः अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. बोटीवर सलग चार तासांपेक्षा जास्त कधी बसलेले नाही, पण गेली दोन वर्षं घरातलं हवामान खातं मीच आहे. बोट सुटायच्या आधी मोबाईलवर तीन ठिकाणी बघायचं: इन्कॉइसचा (केंद्र सरकारची महासागर माहिती संस्था) समुद्रस्थितीचा अंदाज, हवामान विभागाचं मच्छिमारांसाठीचं बुलेटिन आणि एक रंगीत नकाशांचं अ‍ॅप. मग बाबांच्या ग्रुपवर मराठीत चार ओळी टाकायच्या. बारा-पंधरा मैलांपुढे आमची रेंज जाते, त्यामुळे निघताना जे हातात दिलं तेच तीन दिवस चालतं.

माझी पहिली चूक आधीच सांगून टाकते. पहिल्याच महिन्यात तक्त्यात १२ वाजता वारा वाढणार असं वाचलं आणि तसं कळवलं. बाबांनी जाळं गुंडाळलं, बोट परत फिरवली, आणि दुपारभर दर्या तळ्यासारखा. वारा आला संध्याकाळी साडेपाचला. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ होती, त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. डिझेल गेलं ते गेलं, वर वर्षभर घरात 'लंडनची वेळ' म्हणून चिडवणं सुरू होतं.

आता खरा प्रश्न. गेल्या रविवारी, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, बोट परत येत होती. मी दिलेला निरोप असा होता: "लाट १.२ मी., वारा १० नॉट वायव्येचा, इशारा नाही, दर्या शांत." आणि बाहेर खरंच शांत होता. बाबा म्हणाले, वीस वाव (सुमारे ३६ मीटर) खोल पाण्यात होतो तेव्हा चहाचा पेला हलला नाही. साडेचारला खाडीच्या तोंडाशी पोचले, पाणी उतरत होतं. तिथे एकामागोमाग तीन लाटा आल्या. पहिलीने बोट नुसती उचलली. दुसरीने मागची बाजू एवढी वर केली की सुकाणू पाण्याबाहेर आलं. बोट आडवी झाली आणि तिसरी थेट आत फुटली. सहा क्रेट वाहून गेले, त्यात पापलेटचा होता तो एकुलता एकही. दादाचं मनगट वायरोपच्या रिळावर आपटलं, आता सहा आठवडे प्लास्टर. बोट सावरली ती बाबांच्या हातामुळे.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागतंय.

नंतर मी त्या दिवसाचे स्क्रीनशॉट काढून बसले. एकूण लाट १.२ मी. आणि खाली बारीक अक्षरात "स्वेल १.१ मी., १६ से., २१०". ही खालची ओळ मी आजवर कधीच पाठवली नव्हती, कारण मला तिचा अर्थ माहीत नव्हता. दुसऱ्या अ‍ॅपवर त्याच वेळेला ०.९ मी. दिसत होतं. मग खरं कोण? हे १६ सेकंद म्हणजे नक्की काय? आणि खाडीच्या तोंडाचा वेगळा अंदाज कुठे मिळतो का?

आणखी एक. मे महिना आहे, खाली लक्षद्वीपकडे कमी दाब झाला की आमच्याकडे झोप उडते. बोट किती आधी परत बोलवायची याचा काही हिशोब असतो का? १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागायला तीन आठवडेही नाहीत, त्यामुळे बाबा आता एकही फेरी सोडायला तयार नाहीत. दादाच्या जागी चुलतभाऊ जातोय.

कृपया 'समुद्रात जाऊच नका' असा सल्ला देऊ नका.

प्रतिसाद: गिरगावकर

दादाला लवकर बरं वाटो. विषयातलं काही कळत नाही, वाचायला बसलोय.

प्रतिसाद: निवृत्त जहाजी

ताई, तुमचा १.२ चुकलेला नव्हता. तो मोकळ्या दर्याचा आकडा होता, तुम्ही तो खाडीला लावलात.

आधी आकडा कसला ते बघा. तक्त्यातली लाट म्हणजे 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट', सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. म्हणजे १.२ लिहिलं असलं तरी मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची येणार हे धरूनच चालायचं. जहाजावर नवीन पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो आणि दुसऱ्या आठवड्यात ती विसरायची.

आता ते १६ सेकंद. एका लाटेचा माथा खालून गेल्यावर पुढचा माथा यायला लागणारा वेळ, तो पिरियड. सेकंदांचा वर्ग करा आणि १.५६ ने गुणा, खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये मिळेल. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठलेली ५-६ सेकंदांची लाट ४०-५५ मीटर लांब. तुमची १६ सेकंदांची सुमारे ४०० मीटर! एवढ्या लांब उतारावर एक मीटर चढउतार बोटीला जाणवतच नाही, म्हणून वीस वावात चहाचा पेला हलला नाही. पण पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ लागायला लागतो. ५५ मीटरच्या लाटेला तो किनाऱ्याजवळ येऊन लागतो, ४०० मीटरच्या लाटेला दोनशे मीटर खोलीपासूनच. मग ती मंदावते, आखूड होते, उंच होते आणि उथळ पाण्यात उभी राहून फुटते. वर्सोव्याच्या तोंडाशी गाळ किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही स्वेल, म्हणजे लांबून आलेली लाट, इथल्या वाऱ्याची नव्हतीच. २१० म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्य. विषुववृत्तापलीकडे, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळं होतात, तिथून निघालेली ही लाट साधारण आठवडाभर प्रवास करून येते. १६ सेकंदवाल्या लाटांचा जथा ताशी जेमतेम ४५ किमीने सरकतो, अंतर हजारो किलोमीटर, हिशोब करा. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी घरात.

प्रतिसाद: सातपाटीचा

वरचं सगळं बरोबर, पण अर्धी गोष्ट ओहोटीची आहे. तिथीची पाऊणपट करा. द्वितीया म्हणजे दीड, दीड वाजता पूर्ण भरती, साडेसातला पूर्ण ओहोटी. साडेचार म्हणजे बरोबर मध्य, त्या वेळी पाणी सगळ्यांत जोरात बाहेर पडतं. त्यात पौर्णिमेचं उधाण. बाहेर पळणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट आखडते आणि भिंतीसारखी होते. तेच पाणी भरतीचं असतं तर बोट आत गेली असती, क्रेटही राहिले असते.

आमच्याकडे लांब लाट असली की बाहेरच थांबतो. पाऊण तास तोंडाकडे नुसतं बघत बसायचं. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, तीन-चार, मग थोडी उसंत. सातवी लाट मोठी वगैरे काही खरं नाही, मी मोजून बघितलंय. उसंत मिळाली तरी ओहोटीच्या मध्यात शिरायचं नाही. मासा नरमला तर नरमला.

तुमच्या बाबांना हे माहीत असणारच. विचारून बघा, त्या दिवशी घाई कसली होती.

प्रतिसाद: धागाकर्ती

विचारलं. म्हणाले, "तूच लिवला व्हता ना, शांत." झालं.

बर्फ संपत आला होता, हेही मग हळूच सांगितलं.

प्रतिसाद: कुलाब्याचा शेजारी

दोन अ‍ॅपवर दोन आकडे येतात कारण मागची मॉडेलं वेगळी असतात. प्रत्येक मॉडेल समुद्राचे चौकोन पाडतं, एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. वर्सोव्याची खाडी त्या जाळीतून बोंबलाच्या पिल्लासारखी निसटते. त्यामुळे ०.९ की १.२ यावर भांडू नका, खाडीच्या तोंडाचा अंदाज दोन्हीकडे नाही. पिरियड आणि दिशा मात्र दोन्हीकडे जवळपास जुळली तर विश्वास ठेवा.

'इशारा नाही' याचा अर्थही नीट घ्या. हवामान विभागाचा मच्छिमारांना इशारा मुख्यतः वाऱ्यावर असतो, ताशी ४५ किमी आणि वर. तुमचा १० नॉट म्हणजे साडेअठरा किमी, इशारा येणारच नव्हता. बंदरातला बावटाही वादळवाऱ्यासाठीच. लांब लाटांचा इशारा इन्कॉइस वेगळा काढतं. ४ आणि ५ मे २०२४ ला मुंबईलाही तसा होता, आणि त्यातली उंची अर्धा ते दीड मीटरच होती. नुसती उंची बघणाऱ्याला हसू आलं असतं.

कमी दाबाबद्दल: तौक्तेचं २०२१ मध्ये १४ मेला लक्षद्वीपजवळ चक्रीवादळ झालं आणि १७ मेला ते मुंबईसमोरून गेलं. तीन दिवस. तुमची फेरीही तीन दिवसांची आणि मध्ये रेंज नाही. म्हणजे परत बोलवायचा प्रश्नच नाही, सुटायच्या आधीच ठरवायचं. दक्षिण अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता बुलेटिनमध्ये आली की त्या दिवशी सुटायचं नाही, किंवा रेंजमध्ये राहून एका दिवसाची फेरी करायची. वादळ लांब असतानाच त्याची लाट पुढे येते हेही लक्षात असू द्या.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फयान चक्रीवादळाच्या वेळी, २००९ ला, मी लहान होते. आई दोन दिवस दारात बसून होती एवढंच आठवतं. ते तीन दिवसांचं गणित मी तिलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे ग्रुपवर पिन कर.

आज रात्री सुटतायत. निरोप असा लिहिलाय. चूक असेल तर नऊच्या आत सांगा:

"वारा ८ ते १२ नॉट, दुपारी वायव्य. बाहेर लाट १ मी. लांब लाट ०.६ मी., १३ सेकंद, दिशा २१०. दक्षिणेत कमी दाब नाही (आज संध्याकाळचं बुलेटिन). परत शुक्रवारी, त्रयोदशी, भरती पावणेदहा. खाडीत साडेसात ते साडेनऊमध्येच शिरायचं, आधी पोचलात तर बाहेर थांबा. बर्फ एक दिवसाचा जास्त घेतलाय. सगळ्या वेळा आपल्या, लंडनच्या नाहीत."

प्रतिसाद: निवृत्त जहाजी

'दिशा २१०' ऐवजी '२१० कडून' लिहा. वारा आणि लाट कुठून येते ते सांगतात, प्रवाह कुठे जातो ते. अ‍ॅपवरचा बाण उलटा वाचणारे भले भले बघितलेत. आणि खाली तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ टाका. बाकी ठीक.