स्कायडायव्हिंग: १३५ ची तयार रिग मिळते आहे, घ्यावी का? (लोडिंग, रिझर्व्ह, आरएसएल)

उत्तरवारा:

नमस्कार. माझ्या साधारण चारशे उड्या झाल्या आहेत, बहुतेक बेलीवर (पोटावर पडत), फॉर्मेशनच्या (हवेत गटानं जवळ येऊन उडण्याच्या). गियरसकट वजन १९५ पाउंड. सध्या १७० चौरस फुटांची, नऊ सेलची (कप्प्यांची), किंचित निमुळती कॅनोपी (पॅराशूटचं छत) उडवते, लोडिंग (दर चौरस फुटाला किती पाउंड) १.१५ च्या आसपास येतं. उघडते छान, उतरते छान. पण वारा चढला की मी जागच्या जागी लटकून राहते आणि बाकीचे पुढे निघून जातात, म्हणून आकार कमी करायचा आहे.

ओळखीतल्या एकाची रिग (हार्नेस, पाठीवरचा कंटेनर आणि आतली पॅराशूटं) विकायला आहे. मेन (मुख्य पॅराशूट) १३५, पूर्ण एलिप्टिकल (टोकांकडे निमुळती, चपळ). रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) १२६. एएडी (वेळेवर काही उघडलं नाही तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र) आतच आहे. हार्नेस मला अगदी बसतं. तो कॅमेरा घेऊन उडायचा म्हणून आरएसएल (मेन सोडली की रिझर्व्ह आपोआप ओढणारी दोरी) काढून टाकलेली आहे. मी खरं तर १५० घेणार होते, पण त्या कंटेनरमध्ये १५० कोंबून भरावी लागेल असं तोच म्हणतो.

हिशेब केला. १३५ वर माझं लोडिंग १.४४ येतं. १.० पासून सुरू करायचं आणि दर शंभर उड्यांमागे ०.१ वाढवायचं, या ढोबळ नियमानं माझी मर्यादा १.४. म्हणजे थोडंसंच वर. माझं उतरणं पाहणारे एक प्रशिक्षक म्हणाले, "तुला जमेल, घे." मलाही जमेल असं वाटतं. १७० वरून थेट १३५ वर कुणी गेलं आहे का? आणि आरएसएल परत बसवून घेऊ का?

सातसेल:

तुम्ही रिग मेनपासून बघायला सुरुवात केलीत. मी रिझर्व्हपासून करतो. रिगरचं (पॅराशूट तपासण्या-दुरुस्तीचं) काम करतो आणि शिकवतोही, त्यामुळे कुणी रिग दाखवायला आणली की मेनची बॅग बाजूला ठेवून आधी रिझर्व्हचं कार्ड काढायची सवय आहे. तेव्हा त्याच क्रमानं लिहितो.

१९५ भागिले १२६ म्हणजे १.५५. हा आकडा तुमच्या हिशेबात आलाच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. मेन तुम्ही वारा बघून, मोकळं मैदान बघून उतरवाल. रिझर्व्ह डोक्यावर येतो तेव्हा उंची थोडी उरलेली असते, खाली ओळखीचं मैदान असेलच असं नाही, आणि ती कॅनोपी तुम्ही आयुष्यात एकदाही फ्लेअर (टेकताना दोन्ही ब्रेक ओढून वेग कमी करणं) केलेली नसते. बहुतेक रिझर्व्ह सात सेलचे असतात आणि मेनच्या झीपी (हवा न झिरपणाऱ्या) कापडाचे नसतात. तेवढ्याच चौरस फुटांची असली तरी ती कॅनोपी फ्लेअरला तुमच्या मेनसारखी उचल देत नाही.

आता त्याहून वाईट प्रसंग धरा. तुम्ही फॉर्मेशन उडवता. ब्रेक-ऑफच्या (एकमेकांपासून दूर जाण्याच्या) आधी कुणी खालून वर आलं, गुडघा डोक्याला लागला आणि शुद्ध गेली. एएडी ७५० फुटांवर, म्हणजे साधारण २२५ मीटरवर, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर आहे असं पाहून रिझर्व्ह बंद ठेवणारा लूप कापते. तिथं तिचं काम संपलं. ब्रेक अडकवलेलेच राहतात, टॉगल (ब्रेकच्या मुठी) कुणी हातात घेत नाही, वाऱ्याकडे तोंड आहे की पाठ हे कुणी ठरवत नाही. त्या माणसाचं काय होईल हे बरंचसं रिझर्व्ह किती चौरस फुटांचा आहे त्यावर ठरतं. १९९१ मध्ये सायप्रेस ही एएडी आली आणि हळूहळू अनुभवी लोकही एएडी लावू लागले, हे फार मोठं काम झालं. पण अनेकजण एएडी आहे म्हणून निर्धास्त होतात आणि ती जी कॅनोपी उघडणार आहे तिचा आकार बघतच नाहीत.

विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. रिझर्व्हच्या लेबलवर जास्तीत जास्त वजन किती छापलं आहे? आणि कंपनीच्या पुस्तिकेत तुमच्या अनुभवाच्या माणसासाठी त्या आकाराला किती वजन सांगितलं आहे? लेबलवरचा आकडा कापड आणि शिवण कितीला टिकेल ते सांगतो. तुमचे घोटे टिकतील का, हे त्याच्यावरून कळत नाही.

कंटेनर लहान घेतला की हा निर्णय कायमचा होतो. मेन पुढच्या वर्षी बदलता येते, रिझर्व्हचा खण शिवला तेवढाच राहतो. पातळ कापडाचे रिझर्व्ह मिळतात, त्यामुळे कधीकधी एक आकार मोठा बसतो, पण ते कंटेनर बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघायचं. हातानं दाबून "बसेल" म्हणायचं नाही.

मेनबद्दल थोडक्यात. तो ०.१ चा नियम छत सांगतो, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं सांगत नाही, आणि तुम्ही छताच्याही वर आहात. १७० वरून १३५ म्हणजे एका फटक्यात पाचवा हिस्सा कापड कमी, शिवाय पूर्ण एलिप्टिकल. आकार आणि घडण दोन्ही एकदम बदलू नका. दुसरं म्हणजे लोडिंग सारखं असलं म्हणून कॅनोप्या सारख्या वागत नाहीत. १२० पाउंडांचा माणूस १०० वर आणि २४० पाउंडांचा २०० वर, दोघांचं लोडिंग १.२ च. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, ती टॉगलला लवकर वळते आणि वळताना जास्त झपाट्यानं खाली जाते. अनुभवी लोकांच्या अपघातांत बिघाड नसलेल्या, पूर्ण उघडलेल्या कॅनोपीखाली जमिनीजवळ घेतलेलं वळण पुन्हा पुन्हा दिसतं. कुणीतरी आडवं आलं, हात आपोआप टॉगल खाली ओढतो. १७० माफ करते तेवढं १३५ करत नाही.

१५० घ्या, १.३ होईल. आणि तिच्यासोबत निदान १६० च्या आसपासचा रिझर्व्ह मावेल असा कंटेनर शोधा. मेनपेक्षा रिझर्व्ह मोठा असायला काहीच हरकत नाही. दोन्ही कॅनोप्या एकदम उघडल्या तरी साधारण सारख्या आकाराच्या असलेल्या बऱ्या, म्हणून फार तफावत नको एवढंच. आरएसएल बसवून घ्या.

तिरपा_कोन:

मेनबद्दल सातसेल म्हणतात ते पटतं. मी १५० वर दोन मोसम काढले, मग १३५ घेतली, आणि ते दोन मोसम उपयोगी पडले. आरएसएलवर मात्र माझं मत वेगळं आहे. लहान एलिप्टिकलला लाइन ट्विस्ट (दोऱ्यांना पीळ) बसला की ती गोल फिरत खाली जाते, अंगावर चांगलाच जोर येतो. तशात कटअवे (मेन सोडून देणं) केलं की मी पाठीवर किंवा कुशीवर फेकला जातो. त्याच क्षणी आरएसएलनं रिझर्व्ह ओढला तर दोऱ्या माझ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला अडकू शकतात, किंवा रिझर्व्हलाच ट्विस्ट येतो. म्हणून मी ती लावत नाही. कटअवे, कमान (अंग कमानीसारखं वाकवून स्थिर होणं), हँडल. असा सराव मी जमिनीवर नेहमी करतो.

सातसेल:

तिरपा_कोन, तुमच्या हेल्मेटवर कॅमेरा आहे, तुमचा धोका खरा आहे आणि तुमचा सरावही आहे. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या डोक्यावर काही नाही. त्यांच्यासाठी गणित वेगळं येतं.

यूएसपीएनं (अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेनं) २०१३ मध्ये सी आणि डी (वरच्या दर्जाच्या) परवानाधारकांची किमान उघडण्याची उंची २००० वरून २५०० फुटांवर नेली. बेलीवर पूर्ण वेगात साडेपाच सेकंदांत हजार फूट जातात. तुम्ही २५०० ला पायलट शूट (मेन बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) फेकलंत, मेन सावकाश उघडली, मग वर बघून "हे काय आहे" हे कळायला दोन सेकंद गेले. सी-डी परवान्याच्या माणसानं १८०० पर्यंत निर्णय घेऊन हात चालवायचा असतो, आणि १००० च्या खाली कटअवे करायचंच नाही. म्हणजे हातात आहे ते फार थोडं. "आधी स्थिर होतो, मग ओढतो" म्हणणारा माणूस घाबरलेला असतो तेव्हा स्थिर व्हायला किती वेळ घेईल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. रिझर्व्हला ट्विस्ट आले तरी डोक्यावर कापड असतं.

नवा कंटेनर बघताय तर मार्ड असलेला बघा. स्कायहूक हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. सुटून जाणारी मेनच रिझर्व्हची बॅग ओढून काढते, त्यामुळे रिझर्व्ह फार लवकर ताणला जातो आणि अंग गडगडायला वेळच मिळत नाही. तिरपा_कोन यांची निम्मी हरकत तिथंच सुटते. कॅमेऱ्याची उरते, ती मान्य. आणि आरएसएल असो, मार्ड असो, कटअवेनंतर चांदीच्या रंगाचं, रिझर्व्हचं हँडल हातानं ओढायचंच. ते आरएसएलवर सोडायचं नाही.

पन्नासफूट:

मी 'तू' म्हणते, चालेल ना? मी कॅनोपीचे वर्ग घेते. मला त्या "तुला जमेल" वर बोलायचं आहे. त्यांनी तुला कोणत्या वाऱ्यात उतरताना पाहिलं? समोरून सात-आठ मैलांचा सरळ वारा असला की १७० कुणालाही सुरेख उतरवते.

१७० वर हे करून बघ, आणि कुणाला तरी चित्रण करायला सांग. वारा अजिबात नसताना उभं राहून उतरणं. आडव्या वाऱ्यात, सरळ राहून, पंख सपाट ठेवून उतरणं. ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरच्या आत, एकदा नशिबानं नाही, सलग. पन्नास फुटांच्या आसपास ब्रेकमध्ये राहून नव्वद अंशांचं सपाट वळण, आधी उंचावर पुष्कळदा करून मगच खाली. फ्लेअर चालू असताना थोडं वळून अडथळा चुकवणं. मागच्या रायझरनं (दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांनी) फ्लेअर. आणि पीएलएफ (टेकताना लोळून धक्का पसरवणं), ज्याचा सराव पहिल्या वर्गानंतर बहुतेकांनी केलेलाच नसतो. यातलं जे १७० वर धड येत नाही ते १५० वर शिकायला जाऊ नये, कारण तिथं चुकायला जागा कमी. मी शिकवलेल्यांत ज्यांना सपाट वळण हाताला बसलं होतं ते ऐनवेळी टॉगल खाली खेचत नाहीत. हात ब्रेककडे जातात. ही एक गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

१५० मिळाली की पहिल्या उड्या एकटीनं, विमानाला सांगून, शेवटी बाहेर पडून, उंचावरच उघड. स्टॉल (जास्त ब्रेकनं कॅनोपी उडणं सोडते ती जागा) कुठं येतो, वळणातून परत सरळ व्हायला किती उंची जाते, ते वर शोध. त्या आठवड्यात नवा सूट, नवं हेल्मेट काही नको.

उत्तरवारा:

सगळ्यांचे आभार. 'तू' चालेल, आनंदच आहे.

यादीतलं आडव्या वाऱ्यातलं उतरणं येतं. सपाट वळण मी उंचावर करते, खाली कधी वापरलेलं नाही. मागच्या रायझरनं फक्त वर खेळले आहे. म्हणजे १७० वरच बरंच काम बाकी आहे.

विकणाऱ्याला विचारलं. पुस्तिकेत १२६ च्या रिझर्व्हला माझ्या अनुभवासाठी दिलेलं वजन माझ्या वजनाच्या खाली आहे, लेबलवरचं वर. अगदी सातसेल म्हणाले तसंच. आणखी एक: एएडीवर 'स्पीड' लिहिलं आहे. तो म्हणाला त्यानं काही फरक पडत नाही. पडतो का?

सातसेल:

पडतो. बरं झालं विचारलंत.

लहान कॅनोपीवर जोरात स्वूप (वळणातून वेग घेऊन जमिनीलगत झेपावत उतरणं) करणाऱ्यांचा खाली जाण्याचा वेग ३५ मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि उघड्या मेनखाली असतानाच एएडी लूप कापू शकते, म्हणून स्पीड आवृत्ती निघाली. ती सेकंदाला ४६ मीटरच्या वर गेल्याशिवाय कापत नाही. बेलीवर मोकळ्या पतनात तुम्ही साधारण ५४ नं पडता, तिथं ती चालेल. पण अर्धवट काहीतरी बाहेर आलं आहे आणि तुम्ही चाळीसनं खाली येताय, तर साधी एएडी कापेल आणि ही गप्प राहील. स्वूप न करणाऱ्यानं स्वूपची एएडी लावायचं काही कारण नाही. कुठलीही वापरलेली रिग घेताना एएडीचा प्रकार, बनवल्याची तारीख आणि देखभालीची तारीख तिन्ही बघा.

दुसऱ्या रिगा बघाल तेव्हासाठी दोन गोष्टी. मेनच्या दोऱ्या कसल्या आहेत ते विचारा. स्पेक्ट्रा असेल तर स्लायडरच्या (उघडताना दोऱ्यांवरून घसरत येणाऱ्या कापडाच्या) घर्षणानं बाहेरच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या आखडतात, कॅनोपी मग वेडीवाकडी उघडते, आणि एका बाजूला ओढते. मोजून घ्या. व्हेक्ट्रान आखडत नाही, पण झिजते, तिथं तंतू फुलले आहेत का बघा. आणि रिग बराच काळ पडून असेल तर थ्री-रिंगचे (मेन सोडणाऱ्या कड्यांचे) पट्टे सोडवून हातानं चांगले मोडून मऊ करायला आणि कटअवेची केबल पुसायला सांगा. पट्टा एका वळणात ताठरला की रिंग सुटायला ओढ लागते.

उत्तरवारा:

त्याला नाही म्हणून कळवलं. उरलेला मोसम १७० वर, पन्नासफूट यांची यादी घेऊन. त्यांच्या पुढच्या वर्गाला नाव घालते आहे. दरम्यान एक मार्डवाला कंटेनर दिसला आहे, तक्त्यात १५० मेन आणि १६० रिझर्व्ह दोन्ही दाखवतात, पण मेन लिफ्ट वेब (हार्नेसचा पुढचा उभा पट्टा) माझ्यासाठी इंचभर लांब असावी असं वाटतं. तेवढी लांबी रिगर कमी करून देतात का, की हार्नेस कंपनीकडेच पाठवावं लागतं?

सातसेल:

कंपनीकडे किंवा त्यांनी मान्य केलेल्या मास्टर रिगरकडे. आधी घालून, लटकून बघा. इंचभर लांब हार्नेसमध्ये हँडल खाली वर सरकतात, तेव्हा लटकलेल्या अवस्थेत दोन्ही हँडल न बघता हाताला येतात का, ते कुणाला तरी शेजारी उभं करून तपासा, मग ठरवा.